आप्पांबरोबर आन्डाऊत

पहिला दिवस

आप्पा महिनाभरासाठी व्हिएन्नाला माझ्याकडे आले होते. पहिल्या आठवड्यात राजवाडे, बागा, संग्रहालयं सगळं दाखवून झालं. आप्पा मन लावून बघायचे, पण संध्याकाळी घरी आलं की त्यांचा प्रश्न एकच, "हितली शेती कुठं हाय गं?" म्हणून ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, हंगेरीच्या सीमेला टेकलेल्या आन्डाऊ नावाच्या गावात आम्ही चार रात्रींसाठी खोली घेतली.

मला तिथे जायचं होतं ते आणखी एका कारणासाठी. आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. आप्पा नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांचं गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं सांगली जिल्ह्यात येऊन वसली. माझा जन्म त्या पुनर्वसित वस्तीतला. साठ वर्षं उलटली तरी शेजारच्या गावात आम्ही अजून 'धरणवाले'च आहोत. त्यामुळे कुठलंही गाव बघताना ते कुणी वसवलं, कधी वसवलं आणि त्याआधी तिथे कोण राहत होतं, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

मे महिन्याची सकाळ होती. व्हिएन्ना मागे पडलं तसे डोंगर संपले आणि माळ सुरू झाला. पवनचक्क्यांच्या रांगा, कोवळी गव्हाची शेतं, आणि वर सगळं आभाळच आभाळ. पार्नडोर्फ गेलं. या गावाच्या पाटीवर दोन नावं असतात, जर्मन पार्नडोर्फ आणि क्रोएशियन पांद्रोफ. ऑस्ट्रियात क्रोएशियन कुठून आले, असं आप्पांनी विचारलं. १५२९ मध्ये सुलतान सुलेमानची फौज व्हिएन्नाला वेढा घालायला याच माळावरून गेली. वाटेतली गावं जळाली, माणसं मेली, पळाली किंवा कैदी म्हणून नेली गेली. जमीनदारांकडे जमीन उरली, पण कसायला हात उरले नाहीत. तिकडे दक्षिणेत क्रोएशियातले शेतकरी त्याच तुर्कांच्या स्वाऱ्यांनी देशोधडीला लागले होते. जमीनदारांनी त्यांना इकडे आणून ओसाड गावांत बसवलं. त्यांची भाषा पाचशे वर्षांनंतरही इथे बोलली जाते.

आप्पा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे उठवलेली माणसं उठलेल्या गावात बसवली."

नॉयझीडलला गाडी बदलली. इथून पुढची छोटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा हा सगळा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. आजही ती सीमा ओलांडून हंगेरीत जाते. फ्राउएनकिर्शेनला उतरून पुढे बस. वाटेत उथळ तळी लागतात. त्यांचं पाणी दुधाळ असतं आणि काठ पांढरे पडलेले. या पाण्यात सोडा आहे. पूर्वी उन्हाळ्यात तळं आटलं की लोक हा सोडा झाडून गोळा करायचे आणि धुण्याला, साबणाला वापरायचे. आप्पांनी ती माती बसमधूनच ओळखली. "ही चोपण हाय. आपल्याकडं वारणेच्या काठाला झालीया तशी." फरक एवढाच की आपल्याकडची चोपण बेसुमार पाणी देऊन झालेली आहे आणि इथली निसर्गाची आहे. ती जपण्यासाठी १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. याच भागातलं झिकझे नावाचं तळं २०२२ च्या उन्हाळ्यात पार कोरडं पडलं होतं. भूजल खाली चाललंय आणि शेतीला उपसा हवाय. हे भांडण आप्पांना समजावून सांगावं लागलं नाही.

आन्डाऊत उतरलो तेव्हा रस्त्यावर कुणीच नव्हतं. ठेंगणी घरं, रुंद रस्ता, चर्चचा मनोरा. घरमालकीणबाईंचं वय ऐंशीच्या पुढचं, हात शेतात राबलेले. त्यांनी आप्पांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि लगेच स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर पोगाचेर्ल होते, चरबीच्या कुरकुरीत तुकड्यांचे खारे, गोल पाव. नाव आणि पदार्थ दोन्ही हंगेरियन, करणारी बाई जर्मन बोलणारी. आप्पा माळकरी, म्हणून त्यांच्यासाठी कोबी भरलेला श्ट्रुडल काढला. बाईंना माळ म्हणजे काय ते मी सांगितलं, तर त्यांनी गळ्यातला क्रूस बाहेर काढून दाखवला.

दुसरा दिवस

आज सगळा दिवस गावातच काढला, आणि मला वाटतं तोच सगळ्यात चांगला गेला.

इथल्या जुन्या घरांची आखणी एकदा कळली की गावच्या वसाहतीचा इतिहास जमिनीवर वाचता येतो. प्रत्येक घराची अरुंद बाजू रस्त्याला आणि लांबी आत. पुढे बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग आणखी एक खोली, त्यामागे गोठा, सगळं एका ओळीत. त्याला श्ट्रेकहोफ म्हणतात, ताणून लांब केलेलं घर. अंगणाच्या शेवटी आडवं धान्याचं कोठार, त्यामागे परसू आणि मग थेट शेत. शेजाऱ्याचंही तसंच, त्याच्या शेजाऱ्याचंही. कुणीतरी दोरी धरून सारख्या पट्ट्या पाडल्याशिवाय अशी रचना होत नाही. आप्पांनी पावलांनी दोन-तीन घरांचा रस्त्याकडचा दर्शनी भाग मोजला आणि म्हणाले, "प्लॉट पाडल्यात. आपल्यागत."

प्लॉट पाडलेलेच आहेत, पण किती वेळा, ते महत्त्वाचं.

मध्ययुगात हा हंगेरीच्या राज्याचा पश्चिम काठ होता. राजे सीमेवर ग्येपू नावाचा पट्टा मुद्दाम ओसाड ठेवत. दलदल, झाडोरा, अडथळे, आणि राखणीला माणसं. या राखणदारांत पेचेनेग होते, पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतून आलेले तिरंदाज घोडेस्वार. त्यांना जमिनी देऊन या मोशोन परगण्यात आणि नॉयझीडल सरोवराच्या काठाला वसवलं होतं. आन्डाऊचं हंगेरियन नाव तार्चा, पुढे मोशोनतार्चा. गावाच्या दक्षिणेला हान्शागची प्रचंड दलदल होती आणि तिनेच सीमेची निम्मी राखण केली. पेचेनेगांची भाषा आज कुणी बोलत नाही.

मग १५२९ आलं. ओसाड गावांत आलेले नवे लोक बहुतेक जर्मन बोलणारे. काही जण दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियातून, कॉन्स्टन्स सरोवराच्या बाजूने आले असं परंपरा सांगते. या कोरड्या खडकाळ माळाला हायडेबोडेन म्हणतात आणि इथल्या शेतकऱ्यांना हायडेबाउअर, म्हणजे माळावरचे शेतकरी. त्यांनी घरं बांधली, दीडशे वर्षं शेती केली आणि १६८३ मध्ये तुर्कांची फौज पुन्हा व्हिएन्नाकडे निघाली. पुन्हा जाळपोळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरियन बंडखोर आणि व्हिएन्नाच्या सम्राटाचं सैन्य यांच्या लढाईत उरलंसुरलं गेलं, वर प्लेग आला. दर खेपेला पुन्हा माणसं आणली गेली, पुन्हा पट्ट्या पाडल्या गेल्या.

सकाळी घरमालकीणबाईंनी परसातलं मक्याचं कोठार दाखवलं. लाकडी पट्ट्यांचं, जमिनीपासून उचललेलं, वारा खेळता राहून कणसं वाळावीत म्हणून अरुंद. आता रिकामंच आहे. मी नाव विचारलं, तर म्हणाल्या, "चार्डाक." मला थांबून पुन्हा विचारावं लागलं. चार्डाक हा तुर्की शब्द, मूळ फारसी 'चहार ताक', चार कमानींचा मांडव. बाल्कनमधून फिरत फिरत तो या माळावर आला. ज्यांच्या फौजांनी गाव दोनदा जाळलं त्यांच्या भाषेतला शब्द गावानं पीक साठवायला ठेवून घेतला. आपल्या भाषेतही फारसीतून आलेले असे शब्द घराघरांत आहेत, पण परक्या परसात तो असा कानावर पडेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी जेवताना जमीन कुणाची हा विषय निघाला. आप्पांचा तो आवडता. १७६७ मध्ये राणी मारिया तेरेझाने हंगेरीतल्या जमीनदार आणि कुळांमधले हक्क कागदावर आणायचं ठरवलं. गावोगाव अधिकारी पाठवून नऊ प्रश्न विचारले. तुमच्याकडे लेखी करार आहे का, शेतं किती आणि कशी, वेठ किती दिवस, सोडून जायची मुभा आहे का, असे. उत्तरं गावाच्या भाषेत लिहून घेतली, आणि खाली ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या केल्या. ठरलं ते असं, की पूर्ण वाट्याची जमीन असलेल्या कुळानं आठवड्यातून एक दिवस बैलजोडीनिशी किंवा दोन दिवस हातानं जमीनदाराकडे राबायचं. या वेठीला इथे रोबोट म्हणत. १८४८ मध्ये ती गेली. पण जवळपासच्या मोठमोठ्या मळ्यांची मालकी राजघराण्याकडे आणि एस्टरहाझींसारख्या घराण्यांकडेच राहिली. भूमिहीन मजूर आणि धाकटे मुलगे अमेरिकेला गेले. शिकागोत इतके गेले की बुर्गेनलांडचं सगळ्यात मोठं शहर शिकागो, असं इथे आजही म्हणतात.

"नऊ प्रश्न," आप्पा म्हणाले, "आमास्नी कुणी एक इचारला न्हाई." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी आप्पांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

संध्याकाळी बाईंनी आपल्या सासऱ्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मी ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. ते जन्मले हंगेरीच्या राज्यात. घरात जर्मन, शाळेत हंगेरियन. १९०७ च्या कायद्यानंतर तर शाळेत हंगेरियनचा जोर आणखी वाढला. पहिल्या महायुद्धात सम्राटासाठी लढले. परत आले तोवर सम्राटच नव्हता. १९१९ मध्ये काही महिने बुडापेस्टला सोव्हिएत राजवट होती, तीही त्यांच्या डोक्यावरून गेली. युद्धानंतरच्या सां-जर्मां आणि त्रियानोंच्या तहांनी हा पट्टा ऑस्ट्रियाला दिला. तो आयता मिळाला नाही. हंगेरीच्या हत्यारबंद टोळ्यांनी ऑस्ट्रियाचे जेंडार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस, मागे रेटले आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये इथे महिनाभर टिकलेलं एक स्वतंत्र राज्यही जाहीर केलं. शेवटी व्हेनिसला समझोता झाला, शोप्रोन शहरात डिसेंबरमध्ये मतदान झालं, शोप्रोन हंगेरीकडे गेलं आणि बाकीचा पट्टा ऑस्ट्रियाचा झाला.

या नव्या प्रांताचं नाव बुर्गेनलांड. प्रेसबुर्ग, वीझेलबुर्ग, ओडेनबुर्ग, आयझेनबुर्ग या चार परगण्यांच्या नावातला 'बुर्ग' घेऊन ते बनवलं, आणि ज्या शहरांची ती नावं त्यातलं एकही या प्रांतात नाही. बाजारपेठ, दवाखाना, कचेरी, सगळं सीमेपलीकडे राहिलं. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळलं तेव्हा प्रांतच मोडून टाकला. १९४५ ला पुन्हा उभा केला, पण आता सोव्हिएत फौजेच्या ताब्यात, आणि ते सैन्य १९५५ पर्यंत राहिलं. एवढं सगळं बघणाऱ्या त्या माणसानं घर एकदाही बदललं नव्हतं.

"आणि शेत?" आप्पांनी विचारलं.

शेताचे दोन तुकडे झाले होते. काही जमीन नव्या रेषेच्या पलीकडे गेली. सुरुवातीला सीमेवर पास दाखवून नांगर घेऊन जाता येत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेही थांबलं. पलीकडच्या त्या शेतांना नावं होती. बाईंनी ती एकेक करून सांगितली. लांब पट्टी, तळ्याकडचं, कोल्ह्याचं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा ती शेतं हातची जाऊन वर्षं लोटली होती. त्यांनी ती कधी पाहिलीही नव्हती. पण जेवताना सासरे नावं घ्यायचे, म्हणून पाठ.

तिसरा दिवस

बाईंनी दोन सायकली दिल्या. आप्पा सायकलवर बसले ते थेट सहावीतल्या पोरासारखे पुढे गेले. गावापासून दक्षिणेला नऊ किलोमीटर सरळ रस्ता जातो, त्याला पळवाटेचा रस्ता म्हणतात. दोन्ही बाजूंना लाकडाची आणि लोखंडाची शिल्पं उभी आहेत, वाऱ्यापावसानं काळवंडलेली. रस्ता संपतो तिथे एक कालवा आणि त्यावर लहानसा लाकडी पूल.

हा कालवा हान्शागची दलदल आटवायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणायला घेतला. दलदल आटली, काळी भुसभुशीत जमीन वर आली, गवताची कुरणं झाली. १९२१ नंतर कालवाच सीमा झाला. पूल बांधला तो शेतकऱ्यांनी, पलीकडचं गवत आणि बोरू आणायला. एक गाडी जेमतेम जाईल एवढाच.

२३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. लोक पश्चिमेकडे पळत सुटले. त्या वर्षी उन्हाळ्यातच हंगेरीने सीमेवरचे भूसुरुंग काढले होते, नाहीतर कितीजण त्या चिखलात राहिले असते कोण जाणे. साधारण सत्तर हजार माणसं याच पुलावरून आली. विद्यार्थी, कामगार, तान्ही पोरं घेतलेल्या बाया, थंडीत, अंधारात, दलदलीतून वाट काढत. २१ नोव्हेंबरला दुपारी सोव्हिएत सैनिकांनी पूल उडवून दिला. त्यानंतरही लोक येतच राहिले, ओंडके टाकून, पाण्यात उतरून. आजचा पूल १९९६ मध्ये, चाळीस वर्षं झाली तेव्हा पुन्हा बांधलेला आहे.

घरमालकीणबाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. शाळेचे वर्ग पेंढा टाकून भरलेले. वडील ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून रात्रभर पुलाकडे फेऱ्या मारत. आईनं धुण्याच्या मोठ्या हंड्यात सूप शिजवलं. एका बाईच्या पायात एकच बूट होता, आणि तिनं तो काढू दिला नाही. हे सांगताना बाईंनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. ऑस्ट्रिया तेव्हा स्वतःच जेमतेम मोकळा झालेला. सोव्हिएत फौज इथून जाऊन वर्षच झालं होतं आणि गावात कुणाच्याच घरी फार काही नव्हतं. ऑस्ट्रियात एकूण आलेल्या एक लाख ऐंशी हजारांपैकी बहुतेक जण पुढच्या काही महिन्यांत अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड असे पांगले. गावात त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच राहिलं नाही.

मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्या दिवसांसाठी. हा आदर मी उगाच वाटून टाकत नाही, कारण पुढे २०१५ मध्ये याच भागात माणसं पुन्हा आली तेव्हा गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी २७ ऑगस्टला पार्नडोर्फजवळच्या हमरस्त्यावर एका ट्रकमध्ये ७१ मृतदेह सापडले, बंद पेटीत गुदमरून गेलेल्यांचे. सप्टेंबरमध्ये हजारो लोक सीमेवरच्या निकेल्सडोर्फ गावाला चालत पोचले. तिथेही गावकऱ्यांनी पाणी आणि पांघरुणं दिली. पण त्यानंतर सीमेवर तपासणी पुन्हा सुरू झाली, ती अजून आहे.

पुलावर आप्पा बराच वेळ उभे होते. खाली पाणी अगदी संथ, दोन्ही काठांना बोरू. लांब गवतात दोन मोठे पक्षी चालत होते. ते माळढोकाच्या जातीतले, इथे त्यांना ट्राप्पे म्हणतात. माळढोक सोलापूरकडे होता, आता जवळजवळ संपला. इथे विजेच्या तारांवर आपटून हे पक्षी मरत, म्हणून काही ठिकाणी तारा जमिनीखाली घातल्या. आप्पा ते ऐकून म्हणाले, "पाखरासाठी तारा काढल्या." पुढे काही बोलले नाहीत.

चौथा दिवस

आज पलीकडे गेलो. आन्डाऊपासून यानोशशोमोर्या हे हंगेरीतलं गाव दहाएक किलोमीटर. पासपोर्ट बरोबर घेतले होते. सीमेवर दोन तरुण ऑस्ट्रियन सैनिक होते. त्यांनी आप्पांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, मग शुभेच्छा दिल्या. इथे विजेची तार होती, टेहळणी मनोरे होते. २ मे १९८९ ला हंगेरीने ती तार काढायला सुरुवात केली आणि २१ डिसेंबर २००७ पासून हा रस्ता असा मोकळा झाला. सकाळी हंगेरीकडून ऑस्ट्रियाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग होती, द्राक्षमळ्यांत आणि भाजीच्या शेतांत कामाला जाणारे लोक.

यानोशशोमोर्या १९७० मध्ये तीन गावं जोडून झालं. मोशोनसेंतयानोश, मोशोनसेंतपेतेर आणि पुस्तॉशोमोर्या. पहिल्या दोन गावांत आन्डाऊसारखेच हायडेबाउअर राहत. बोली तीच, घरं तीच, सोयरीकही तिकडे. ते त्यांना सांक्ट योहान आणि सांक्ट पेटर म्हणत. १९२१ च्या रेषेनं ही गावं हंगेरीत ठेवली आणि आन्डाऊ ऑस्ट्रियात. रेषा जरा पुढेमागे झाली असती तर आन्डाऊचं नशीब यांचं झालं असतं.

ते नशीब असं. १९४१ च्या हंगेरियन जनगणनेत मातृभाषा आणि राष्ट्रीयत्व असे दोन रकाने होते. लोकांनी खरं ते लिहिलं. डिसेंबर १९४५ मध्ये सरकारनं हुकूम काढला. ज्यांनी जर्मन मातृभाषा किंवा जर्मन राष्ट्रीयत्व लिहिलं होतं, त्यांना आणि इतर काहींना देशाबाहेर काढायचं. त्यात नाझींचे समर्थक होते, तसे काहीही न केलेले हजारो शेतकरीही होते. आपली भाषा कोणती, या प्रश्नाचं उत्तर एवढाच त्यांचा पुरावा होता. जानेवारी १९४६ मध्ये बुडापेस्टजवळच्या बुडाओर्शहून पहिली आगगाडी जर्मनीकडे निघाली. त्या वर्षी या मोशोनच्या माळावरची गावंही रिकामी केली गेली. गोठ्यात गुरं आणि शेतात उभं पीक सोडून माणसं मालगाडीत चढली. मग त्या घरांत नवी माणसं आली, हंगेरीच्या पूर्वेकडच्या मैदानातले भूमिहीन, आणि १९४७ पासून चेकोस्लोव्हाकियाशी झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तिकडून उठवलेले हंगेरियन.

दफनभूमीत आम्ही तासभर फिरलो. जुन्या दगडांवर जर्मन अक्षरं, नव्या ओळींत हंगेरियन. एका बाजूला योहान, दुसऱ्या बाजूला यानोश, म्हणजे तेच नाव. जर्मन दगडांवरच्या तारखा चाळिशीच्या दशकाशी थांबतात.

तिथे पाणी घालायला आलेला पन्नाशीचा एक माणूस भेटला. रोज ऑस्ट्रियात कामाला जातो, त्यामुळे जर्मन छान बोलत होता. त्याचे आजीआजोबा १९४७ मध्ये डॅन्यूबच्या पलीकडून, आजच्या स्लोव्हाकियातून आणले गेलेले. त्यांना एक नीटनेटकं घर मिळालं, कपाटात भांडी होती, भिंतीवर दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. आजीनं पुढची खोली कितीतरी वर्षं वापरली नाही. झाडून, पुसून बंद ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, ते परत आले तर? सत्तरच्या दशकात ते खरंच आले, जर्मनीतून, गाडी घेऊन, घर बघायला. आजीनं त्यांना त्याच खोलीत बसवलं. भाषा एकमेकांना येत नव्हती. दोन्ही बायका रडल्या, एवढंच त्याला आठवत होतं.

मी हे सगळं आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पा एका दगडाच्या कडेला बसले. सिमेंटच्या बाकावर बसा म्हटलं तर नको म्हणाले. मग जे बोलले ते मी आयुष्यात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"आपली वस्ती हाय न्हवं, ते त्यांचं गायरान हुतं. त्यांची गुरं तितं चरायची. सरकारनं आमास्नी आणून बसवलं, पर गायरान गेलं त्यांचं. आमी ल्हान हुतो, दगडं मारायची ती पोरं. आमी म्हणायचो, आमी काय वाकडं केलंय? आता कळतंय त्यास्नी काय वाटत आसंल."

"आप्पा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलायचं? आपलंबी खरं, त्यांचंबी खरं. बोलून काय व्हतंय?"

त्या माणसानं आप्पांना पाण्याची झारी दिली. का दिली ते मला कळलं नाही. आप्पांनी उठून त्याच्या आजीच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घातलं, आणि उरलेलं शेजारच्या जर्मन दगडापाशी उगवलेल्या गवताला.

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. सायकल ढकलतच यावं लागलं.

पाचवा दिवस

निघताना बाईंनी कागदात गुंडाळून पोगाचेर्ल दिले, माझ्यासाठी, आणि आप्पांसाठी घरच्या बियाण्याची लाल मिरची. विमानतळावर बी चालणार नाही हे मला माहीत होतं, पण तेव्हा सांगवेना.

बस फ्राउएनकिर्शेनला आली. गाडीला दीड तास होता, म्हणून ज्यूंच्या जुन्या दफनभूमीत गेलो. एस्टरहाझींच्या जमिनीवर ज्यूंच्या सात वस्त्या होत्या, फ्राउएनकिर्शेन त्यातली एक. दुकानदार, धान्याचे व्यापारी, कारागीर. या शेतकरी गावांचा माल त्यांच्याच हातून बाजारात जायचा. १९३८ मध्ये जर्मनीचं सैन्य आलं आणि काही आठवड्यांत त्यांना हाकलून दिलं. उत्तरेकडच्या किट्झे गावातून तर एप्रिलच्या एका रात्री लोकांना उचलून डॅन्यूबच्या मधल्या बांधावर नेऊन सोडलं. या भागात जे जे उठवले गेले, त्यातल्या बहुतेकांच्या जागी पुढे कुणीतरी आलं. यांच्या जागी कुणी आलं नाही. दगड उंच गवतात वाकलेले आहेत. आप्पांनी टोपी काढली. आत पुरुषांनी डोकं झाकायचं असतं हे मी सांगितल्यावर पुन्हा घातली.

गाडीत बसलो. आप्पा खिडकीशी. गोल्स गावापाशी द्राक्षमळे सुरू झाले, प्रत्येक तुकड्याच्या कडेला नावाची लहान पाटी. आप्पांना वाचता येत नव्हत्या, पण त्या शेतांच्या नावाच्या आहेत हे त्यांना कळलं. बराच वेळ ते गप्प होते. मग हाताच्या बोटांवर मोजल्यासारखं सुरू केलं.

"नदीकडंचं एक. वडाखालचं. देवाचं टेकाड. त्याच्या खाली दोन तुकडं, थोरल्या आबाचं आन् धाकट्या आबाचं. मग झऱ्याचं. झऱ्याचं लई चांगलं हुतं, भात यायचा..."

मी पिशवीतून वही काढली. "थांबा आप्पा. पहिल्यापासून सांगा. नदीकडचं कुठून कुठपर्यंत?"